मुलगी श्टुटगार्टला शिकायला निघाली आहे: कागदपत्रं आणि सामानाबद्दल सल्ला हवा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. माझ्या मुलीला श्टुटगार्टला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. सत्र 1 ऑक्टोबरला सुरू होतंय. एपीएसचं, म्हणजे जर्मनीसाठी आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या केंद्राचं, प्रमाणपत्र हातात आलंय, त्यामुळे दहावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका एकदा तपासून झाल्या आहेत. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, उघडलंय, त्यात पैसे जायचे आहेत. व्हिसाचा अर्ज त्यानंतर.

अडलंय दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या. विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावर फक्त तिचं नाव आणि आडनाव. शिवाय यांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये बारावीच्या गुणपत्रिकेवर डबल ई पडलाय, बाकी सगळीकडे आय आहे. यावरून व्हिसा अडतो का?

दुसरं सामान. तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा आणि हातातली एक छोटी. सासूबाईंनी तूप कढवायला घेतलंय, खोबरं, लोणचं, गोडा मसाला सगळं बांधायचं म्हणतात. लेक म्हणते चार कपडे आणि लॅपटॉप पुरे. आमच्या घरातून याआधी कुणी परदेशी राहायला गेलेलं नाही. मुंबईहून थेट फ्रँकफर्ट आणि तिथून रेल्वेने पुढे, एवढं ठरलंय. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊलखुणा:
अभिनंदन, ताई! नावाच्या क्रमाची काळजी करू नका. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर 'आडनाव आधी' असं छापलेलंच असतं आणि महाराष्ट्रातून इतकी मुलं जातात की तिकडच्यांना ते ओळखीचं झालंय. वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं हेही तसंच.

स्पेलिंगचं मात्र मनावर घ्या. आमच्याकडे मुलाच्या आईच्या नावात, म्हणजे माझ्याच नावात, असा घोळ होता. दोन मार्ग आहेत. शाळा किंवा ज्युनिअर कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा, तुमचं नाशिक विभागीय मंडळ तिथेच आहे. पण त्याला वेळ लागतो आणि गुणपत्रिका बदलली की एपीएसला दिलेल्या प्रतीशी ती जुळणार नाही. आता ऑगस्टच्या तोंडावर तो मार्ग धरू नका. दुसरा मार्ग म्हणजे नोटरीकडून इंग्रजीत प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची आहेत. त्यात पासपोर्ट क्रमांक आणि ज्या गुणपत्रिकेवर चूक आहे तिचा बैठक क्रमांक लिहायला सांगा. आम्ही ते जोडलं, कुणी काही विचारलं नाही.

खरी मेख पुढे आहे. यापुढे जे जे नवीन कागद होतील, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विमानाचं तिकीट, वसतिगृहाचा करार, त्या सगळ्यांवर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. अक्षर न अक्षर. ब्लॉक्ड अकाउंटच्या अर्जात 'नाव' या रकान्यात तिचं आणि वडिलांचं दोन्ही घाला, कारण पासपोर्ट तसा आहे.

सह्यकडा:
काकू, मी श्टुटगार्टलाच आहे, दुसरं वर्ष चालू आहे. व्हिसाबद्दल एक सांगतो. 1 जुलै 2025 पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचा अर्ज करायची सोय बंद केली आहे. पूर्वी एखादा कागद कमी पडून नकार आला तर पत्र लिहून दाद मागता यायची. आता सरळ नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणून फाइल पहिल्याच फेरीत परिपूर्ण हवी. प्रेरणापत्र, म्हणजे हाच अभ्यासक्रम का आणि पुढे काय, ते तिचं तिनेच लिहावं. मुलाखतीत त्यावरूनच प्रश्न येतात. एजंटने लिहून दिलेलं पत्र वाचून दाखवणारी मुलं तिथे अडखळतात.

आता फाइलबद्दल. ही फाइल हातातल्या बॅगेत, आणि ती बॅग तिच्या नजरेसमोर. मूळ गुणपत्रिका, पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, एपीएस, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचा कागद, खोलीचा करार, जन्मदाखला इंग्रजीत असलेला, आणि या सगळ्याच्या छापील प्रतींचे दोन संच. एक संच मोठ्या बॅगेत आणि एक तुमच्याकडे घरी. स्कॅन केलेल्या प्रती तिच्या ईमेलवर आणि पेनड्राइव्हवर.

लॅमिनेशन करू नका! आपल्याकडे दहावीची गुणपत्रिका हातात आली की पहिल्यांदा झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्लास्टिकात गुंडाळतात. लॅमिनेट केलेल्या मूळ कागदावर शिक्का मारता येत नाही आणि कागद खरा आहे का ते बोट लावून पाहता येत नाही. एकेक कागद वेगळ्या पारदर्शक पिशवीत घालायचा, काढता-घालता येईल असा.

जमाखर्च:
बँकेतून निवृत्त झालो आहे, तर पैशाचं मी लिहितो.

ब्लॉक्ड अकाउंटला सध्या वर्षाचे 11,904 युरो लागतात, तिथे पोचल्यावर दरमहा 992 युरो मोकळे होतात. रुपयांत ही रक्कम सहज 10 लाखांच्या वर जाते. आता टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर. शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस नाही. स्वतःच्या बचतीतून जात असतील तर एका आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत नाही, वरच्या रकमेवर आहे. ही मर्यादा पाठवणाऱ्या माणसागणिक असते. त्यामुळे थोडे वडिलांच्या खात्यातून आणि थोडे आईच्या खात्यातून गेले तर बऱ्याच घरांना टीसीएस लागतच नाही. दोघांचं पॅन हवं, आणि पैसे ज्याच्या-त्याच्या उत्पन्नाचे हवेत. कापला गेलाच तरी तो विवरणपत्रात परत मिळतो, नोकरदार माणूस आपल्या कंपनीला सांगून पगारातल्या टीडीएसमध्येही वळता करून घेऊ शकतो. पावती जपून ठेवा.

बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो फी आहे. ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये धरलेली नाही. बरेच पालक 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे ऐकून बसतात आणि सप्टेंबरात धावपळ होते. ती रक्कम वेगळी काढून ठेवा.

निघण्याआधी तिच्या बँक खात्याचं दोघांपैकी एकाच्या नावाने अधिकारपत्र करून घ्या. परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी धरला जातो, म्हणजे पुढे तिचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करावं लागेल. शाखेत ती स्वतः उभी असताना ते फॉर्म भरणं फार सोपं जातं.

आणि मोबाइल. तिचा भारतातला नंबर बंद पडू देऊ नका. बँक, आधार, डिजिलॉकर सगळ्याचा ओटीपी त्यावरच येतो. इथे असतानाच रोमिंग चालू करून घ्या आणि दर महिन्याचं किमान रिचार्ज तुम्ही घरून मारत राहा.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. दादा, टीसीएसचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कर्ज थोडं आणि बचत थोडी असं आहे, तर उद्याच शाखेत जाऊन विचारते. गुणपत्रिका लॅमिनेट केलेल्या नाहीत, सुटकेचा निःश्वास टाकला.

सामानाचं सांगा ना कुणीतरी. तूप तयार झालंसुद्धा.

रानजाई:
मी मानहाइमला राहते, बरीच वर्षं झाली. ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण तूप नको. युरोपियन संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप दुधाच्या पदार्थांत येतं. पेढे, बर्फी, खवा, पनीर सगळं त्यातच. फ्रँकफर्टच्या कस्टममध्ये बॅग उघडली तर समोरच टाकून देतात आणि दंडही होऊ शकतो. इथे लोणी चांगलं मिळतं, बिनमिठाचं लोणी घेऊन मंद आचेवर तिने स्वतः कढवावं. घरच्यासारखाच वास येतो, मी दर पंधरवड्याला करते.

ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या यांनाही 2019 च्या डिसेंबरपासून वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, खजूर, अननस अशा मोजक्या फळांना सूट आहे. घरच्या झाडाचा कढीपत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवण्याचा मोह आवरा.

न्यायचं काय तर जे इथे मिळत नाही ते. तूरडाळ, पोहे, रवा, कणीक, हळद, तिखट, हिंग सगळं श्टुटगार्टच्या भारतीय दुकानांत मिळतं. पण ही दुकानं बहुतेक पंजाबी, तमिळ किंवा अफगाण मंडळींची. त्यांच्याकडे गोडा मसाला नसतो, थालिपिठाची भाजणी नसते, मेतकूट नसतं, आमसूल नशिबात असेल तर. हे चार जिन्नस अर्धा-अर्धा किलो द्या, कोरडे, दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहिलेली चिठ्ठी लावून. पांढरी किंवा पिवळी पूड बिननावाच्या पिशवीत असली की तपासणाऱ्याला उगाच शंका येते. चिवडा, चकली, शेव काही अडचण नाही.

मिरजेची:
खोबऱ्याचं कुणी बोललं नाही. वाट्या विमानात चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात. मुंबई विमानतळावर यावरून बॅगा परत उघडायला लावतात. मसाल्यात भाजून-दळून गेलेलं असतं ते पुरे. लोणचं हातातल्या बॅगेत नको, 100 मिलिलिटरचा नियम त्यालाही लागतो. मोठ्या बॅगेत, व्हॅक्यूम पॅक करून.

खसखसही नको, विशेषतः ज्यांची मुलं दुबईमार्गे जातायत त्यांनी. अमिरातीत तिच्यावर पूर्ण बंदी आहे.

औषधपेटी:
माझं कोल्हापुरात औषधांचं दुकान आहे. परदेशी निघालेल्या मुलांच्या आया भली मोठी यादी घेऊन येतात, त्यात अर्ध्या गोळ्या अँटिबायोटिक्सच्या असतात. तसं करू नका. तिकडे विमा आहे, डॉक्टर आहेत. ताप-अंगदुखीच्या, अ‍ॅसिडिटीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं, थोडा बाम, बस. तिला नेहमीची काही गोळी चालू असेल तर तीन महिन्यांच्या आतल्या गरजेइतकी, मूळ पट्टीत, आणि डॉक्टरांचं छापील प्रिस्क्रिप्शन ज्यात औषधाचं मूळ नाव आहे, नुसतं कंपनीचं नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध अजिबात नको.

दात आणि डोळे निघण्याआधी तपासून घ्या. चष्मा असेल तर दुसरा जोड करून द्या, नंबरच्या कागदासकट. आपल्याकडे ज्या किमतीत दोन चष्मे होतात त्यात तिकडे एक होणं कठीण.

वाटसरू_ठाणे:
थंडीचे कपडे इथूनच घ्या, तिकडे सगळं महाग. माझ्या भाच्याला आम्ही दोन जाड जॅकेटं, लोकरीचे स्वेटर, कानटोपी सगळं दिलं होतं.

सह्यकडा:
दादा, माझं मत वेगळं आहे. ठाण्या-नाशिकच्या दुकानात मिळणारं जॅकेट जाड असतं पण वारा आणि पाऊस अडवत नाही. श्टुटगार्टचा हिवाळा बर्फापेक्षा ओल्या वाऱ्याचा आहे. शिवाय दोन जॅकेटांनी अर्धी बॅग भरते. अंगालगतचे थर्मल, लोकरीचे मोजे, एक मध्यम स्वेटर इथून न्यावेत, ऑक्टोबर त्यावर निघतो. मोठा कोट आणि बूट तिथे पोचल्यावर, सीनियर मुलांना विचारून. सोडून जाणारी मुलं चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत देऊन जातात.

त्या जागेत कुकर घाला. स्टीलचा, तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. बुडाला लोहचुंबक चिकटतो का पाहून घ्या, चिकटला तर चालेल. वसतिगृहात काचेची शेगडी असते, काही ठिकाणी इंडक्शन, गॅस जवळजवळ कुठेच नाही. ॲल्युमिनियमचा घरचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर द्या, तो भाग जर्मनीत शोधून सापडत नाही. कुकरच्या पोकळीत मसाल्याच्या पिशव्या बसतात. मिसळणाचा डबा, सांडशी, लाटणं, एक छोटा तवा. ताट-वाट्या नकोत, मागची मुलं ठेवून जातात.

फोडणीबद्दल तिला आत्ताच सांगून ठेवा. खोलीत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. मोहरी-मिरचीचा ठसका त्याला आगीसारखाच. खिडकी उघडून, खोलीचं दार बंद करून, स्वयंपाकघरातच फोडणी करायची. काही इमारतींत यंत्र थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं, आणि विनाकारण गाडी आली तर बिल विद्यार्थ्याच्या नावावर येतं.

रानजाई:
दोन-तीन गोष्टी ज्या यादीत सहसा नसतात.

उशीचे अभ्रे देऊ नका. जर्मनीत उशी 80 गुणिले 80 सेंटिमीटरची, चौकोनी असते, आपले अभ्रे तिला बसत नाहीत. पहिल्या रात्रीसाठी एक चादर आणि सोलापुरी चादर दिलीत तर उत्तम, खोलीत बहुतेकदा नुसती गादी असते.

प्लग. आपला दोन पिनांचा बारीक प्लग तिथे बसतो, फोनचे चार्जर तसेच चालतील. लॅपटॉपचा तीन पिनांचा जाड प्लग बसत नाही. व्होल्टेज सारखंच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वगैरे नको, फक्त ॲडॅप्टर. एक ॲडॅप्टर आणि घरचा एक एक्स्टेंशन बोर्ड दिला की सगळं भागतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत ठेवलेली चालत नाही.

पासपोर्ट आकाराचे फोटो व्हिसाच्या मापाचे, 35 गुणिले 45 मिलिमीटर, पाच-सहा जास्तीचे काढून ठेवा. विद्यापीठाच्या ओळखपत्रासारख्या ठिकाणी लागतात.

मुक्काम_लातूर:
माझा धाकटा भाऊ सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेला आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची योजना आहे. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल त्यावर जात असेल तर लक्षात ठेवा, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे मूळ कागद घरीच ठेवा, मुलाबरोबर पाठवू नका. तिकडे त्यांचं काम नसतं, आणि इथल्या कार्यालयात दाखवायला पालकालाच जावं लागतं. मुलाकडे स्कॅन पुरेत. उलट तिकडच्या फीच्या पावत्या, प्रत्येक सत्राचा निकाल, विमानाचं तिकीट, बोर्डिंग पाससुद्धा त्याने जपून घरी पाठवावेत. आम्ही भिंतीवर एक दोरी बांधून त्यावर महिन्यागणिक पाकिटं अडकवली आहेत, आई वाचू शकत नाही पण कुठलं पाकीट कुठल्या महिन्याचं ते तिला बरोबर ठाऊक असतं.

गोदाकाठ:
किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी. लातूरच्या दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

सासूबाईंना तुपाचं सांगितलं, त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातीला बोलावून लोणी कसं कढवायचं, बेरी कधी खाली बसते, फेस कधी विरतो ते दाखवत बसल्या. आता रोज एक पदार्थ चालू आहे. भाजणी दळून आली. कुकर लोहचुंबक लावून घेतला, दुकानदार बघतच राहिला.

बँकेत जाऊन आलो. कर्जाची रक्कम थेट ब्लॉक्ड अकाउंटला, उरलेली दोघांच्या खात्यांतून. नोटरीचं प्रतिज्ञापत्रही झालं.

शेवटचं विचारते. तिकीट शनिवार 26 सप्टेंबरचं स्वस्त मिळतंय. संध्याकाळी पोचेल. घेऊ का?

सह्यकडा:
काकू, शनिवार नको. कारणं सांगतो. वसतिगृहाची किल्ली तिथला व्यवस्थापक देतो आणि तो शनिवार-रविवार नसतो. करारावर तारीख पाहा, बऱ्याच खोल्या 1 ऑक्टोबरपासूनच मिळतात, त्याआधी पोचली तर पाच रात्री राहायची सोय वेगळी करावी लागेल आणि सत्र सुरू होताना श्टुटगार्टमध्ये स्वस्त खोल्या मिळत नाहीत. रविवारी दुकानं बंद, फक्त स्टेशनवरची उघडी. आणि 3 ऑक्टोबर सार्वजनिक सुट्टी आहे.

व्यवस्थापकाला ईमेल करून किल्ली कोणत्या दिवशी, कोणत्या वेळात मिळेल ते आधी विचारा, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पोचणारं विमान घ्या. फ्रँकफर्ट विमानतळाखालीच लांब पल्ल्याचं स्टेशन आहे, तिथून वेगवान गाडीने श्टुटगार्ट सव्वा-दीड तास. रेल्वेचं तिकीट ठरावीक गाडीचं स्वस्तातलं काढू नका, विमानाला उशीर झाला तर ते वाया जातं.

विमा उतरल्या दिवसापासूनचा हवा. विद्यार्थ्यांचा सरकारी विमा नावनोंदणीनंतर, सत्राच्या तारखेपासून लागू होतो, मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा काढलेला असावा. वयाची तिशी उलटली नसेल तर सरकारी विमाच घ्यायचा, विमा संस्था थेट विद्यापीठाला कळवते.

खोली मिळाली की घरमालकाकडून, म्हणजे वसतिगृहाकडून, राहत असल्याचं पत्र घ्यायचं आणि दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्ता नोंदवायचा. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, नाशिकहूनच काढून ठेवा. आणि पहिल्याच दिवशी टपालपेटीवर तिचं नाव लावायला सांगा, आडनाव ठळक. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, कर क्रमांक सगळं पोस्टानेच येतं.

गोदाकाठ:
करारावर 1 ऑक्टोबरच आहे, आत्ता पाहिलं. व्यवस्थापकाला ईमेल टाकली लेकीने. उत्तर आलं की तिकीट काढतो. टपालपेटीसाठी आडनावाच्या चार पट्ट्या छापून फाइलच्या पहिल्या पिशवीत घातल्या आहेत.

सह्यकडा:
गाडीची वेळ ठरली की मला कळवा काकू, स्टेशनवर घ्यायला येतो. एक बॅग मी उचलेन.